नाहूरच्या पेटीवाल्याची वेबसाइट

स्पर्धेचा ईमेल आला तेव्हा वसुधा टिपणीस अंधेरीच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होती. शेजारच्या टेबलावरून शर्मिष्ठानं तो वाचून दाखवला. आपल्या संघाला हार्मोनियम दुरुस्त करणारे एक गृहस्थ मिळालेत, चंद्रप्रकाश घाडी, राहणार नाहूर, पूर्ण अंध. केयूर म्हणाला, झकास, गेल्या वर्षीसारखी शाळा नाही मिळाली ते बरं. वसुधानं उघडलेला डबा परत बंद केला आणि पाणी प्यायला उठली.

ही स्पर्धा घाटकोपरची एक संस्था दरवर्षी भरवायची. तीन-तीन जणांचे संघ, सगळे स्वयंसेवक. प्रत्येक संघाला एक अपंग कलाकार, कारागीर किंवा अपंगांची शाळा नेमून द्यायची आणि संघानं सहा आठवड्यांत त्यांच्यासाठी फुकट वेबसाइट करून द्यायची. ती दिसायला कशी आहे याला गुण कमीच होते. न पाहता, न ऐकता, माउस हातात न धरता ती वापरता येते का, याला जास्त. परीक्षकही तसेच, अंध, बहिरे, हात न चालणारे. केयूर प्रोग्रॅमिंग करायचा, शर्मिष्ठा डिझाइन. मराठी मजकूर लिहायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी विमा पॉलिसीची मराठी पत्रं लिहिणाऱ्या वसुधाताईंना ओढलं होतं. वसुधा पन्नाशीला आली होती. मुलगी अबोली बंगलोरला नोकरीला, नवरा नंदकिशोर बँकेतून लवकर निवृत्त झालेला. बोरीवलीच्या घरात संध्याकाळी फार शांतता असायची, म्हणून ती हो म्हणाली होती.

चंद्रप्रकाश घाडी हे नाव तिला माहीत होतं. ती त्याला प्रकाश म्हणायची. पण हे तिनं त्या दोघांना सांगितलं नाही. एकाच नावाची दोन माणसं असू शकतात, असं तिनं स्वतःला समजावलं. तसं नाही हेही तिला माहीत होतं.

पहिल्या शनिवारी केयूरच्या गाडीतून तिघं लिंक रोडनं नाहूरला गेली. स्टेशनापासून पाच मिनिटांवर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकान होतं. आत पॉलिशचा वास, भिंतीला टेकून ठेवलेल्या पेट्या, आणि खिडकीशी सतरंजीवर बसून पेटीतले पितळी सूर, त्या बारीक पात्या, कानशीनं घासणारा एक जाडसर माणूस. केस पांढरे झाले होते. मान जराशी डावीकडे कलती ठेवायची सवय मात्र तीच होती.

शर्मिष्ठानं ओळख करून दिली, स्पर्धा समजावली. केयूरनं किती पानं लागतील ते विचारलं. वसुधा दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. तिनं तोंड उघडलं नाही. आवाज केला नाही की इथं आपण नाहीच, असं तिला क्षणभर वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "किती जण आलात?"

"तिघं," शर्मिष्ठा म्हणाली.

"बोलताय दोघंच."

मग तिला बोलावंच लागलं. "मी मजकूर लिहिणार आहे," ती म्हणाली. केयूरनं पुस्ती जोडली की या वसुधा मॅडम. चंद्रप्रकाशनं मान हलवली, "बसा मॅडम, तिथं वारा येत नाही, पुढं या," एवढंच म्हणाला आणि कानस पुन्हा पितळेवर फिरू लागली. त्याच्या बायकोनं, कमलनं, आतून चहा आणला. "गरम आसा हां ताई, सांभाळून," ती म्हणाली.

नंतर त्यानं आपला कॉम्प्युटर दाखवला. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात होतं, पण ते इतकं भराभर बोलायचं की तिघांना एक शब्द कळला नाही. तो रोजचं वर्तमानपत्र असंच ऐकायचा, वीस मिनिटांत संपवायचा. वाद्यं विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाची साइट त्यानं उघडली, वेग मुद्दाम कमी केला. चित्र, म्हणालं सॉफ्टवेअर. चित्र. लिंक. नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण. चित्र.

"माल भरपूर आहे म्हणतात या दुकानात," तो म्हणाला. "मला एवढाच दिसतो."

केयूर आणि शर्मिष्ठा हसले. वसुधा त्या यंत्राच्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत राहिली. बाईचाच आवाज होता तो, न दमणारा.

मुलुंडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या दोन वर्षांत वसुधा त्याला वाचून दाखवायची. ती तेव्हा वसुधा दिघे होती, बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी. तो भांडुपच्या चाळीतला, बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराचा मुलगा, नवव्या वर्षी तापात डोळे गेलेला. इतिहासाची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळायची नाहीत. प्राध्यापकांनी वर्गात विचारलं, कोण वाचून दाखवेल, आणि पहिल्या बाकावरच्या तिनं हात वर केला. आठवड्यातून दोनदा ठरलं होतं. हळूहळू ते रोजचं झालं. ग्रंथालयात मोठ्यानं वाचायला मनाई, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एका मोडक्या बाकावर बसायचं. ती वाचायची, तो जाड कागदावर टोचणीनं टिपणं घ्यायचा. फ्रेंच राज्यक्रांती, मराठ्यांची महसूल पद्धत, दोन महायुद्धं, सगळं तिनं त्याला वाचून दाखवलं. तिचा आवाज दमला की तिच्या आधी त्याला कळायचं. "पाणी पी," तो म्हणायचा आणि टोचणी खाली ठेवायचा. त्या पाच मिनिटांत ती दोघं इतर बोलायची. पुढं पुढं ती मुद्दाम आवाज उतरवायची.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ती त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली. एप्रिलचं ऊन होतं. बस येत नव्हती. तो म्हणाला, "परीक्षा संपली. आता वाचायला काही नाही." आणि मग, जरा थांबून, "तरी येशील?"

तिनं मान हलवली. हो म्हणून, दोनदा, तीनदा हलवली. तो तिच्याकडे तोंड करून उभा होता. बस आली. तो "बरं" म्हणाला, दांडा चाचपला आणि चढला. बस कोपऱ्यावरून वळली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण त्याला काहीच सांगितलं नाही.

दोन वर्षं रोज त्याच्याबरोबर बसून ही चूक कशी झाली, हे तिला नंतर कधी उमगलं नाही. उद्या सांगू, असं तिला वाटलं. पण उद्या कॉलेज नव्हतं, त्याच्याकडे फोन नव्हता. शिवाय घरी तिच्यासाठी स्थळं येऊ लागली होती, आणि भांडुपच्या चाळीतल्या अंध मुलाचं नाव बाबांपुढं काढायची हिंमत आपल्यात आहे का, हेही तिला स्वतःला विचारायचं होतं. त्यात बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी ती पत्ता शोधत चाळीत गेली. त्याची आई दारात तांदूळ निवडत होती. तो मिरजेला गेला होता, एका पेटीवाल्याकडे काम शिकायला. कधी येईल ते माहीत नव्हतं. "कोण इला म्हणान सांगू?" आईनं विचारलं. "कॉलेजातून आले होते," वसुधा म्हणाली आणि नाव न सांगता परतली. पुढच्या वर्षी तिचं नंदकिशोरशी लग्न झालं. नंदकिशोर चांगला माणूस निघाला. त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं तिच्याकडे काहीही नव्हतं.

आता दर शनिवारी ती नाहूरला जाऊ लागली. तिचं मुख्य काम होतं फोटोंची वर्णनं लिहिणं. साइटवरच्या प्रत्येक फोटोमागं दोन-चार ओळी लपवून ठेवायच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या; सॉफ्टवेअर फोटोपाशी आलं की तेवढ्या वाचून दाखवतं. पहिल्या फोटोला तिनं लिहिलं, "एक सुंदर जुनी पेटी." चंद्रप्रकाशनं ते ऐकलं आणि विचारलं, "सुंदर हे मला कसं कळायचं, मॅडम? लाकूड कुठलं, भात्याला घड्या किती, पट्ट्या पिवळ्या पडल्यात का, ते लिहा. सुंदर आहे की नाही ते मी ठरवीन." तिनं अकराच्या अकरा वर्णनं पुन्हा लिहिली. सागाचं लाकूड, सात घड्या, डावीकडची तिसरी पट्टी कोपऱ्यात तुटलेली. तो मॅडमच म्हणत राहिला आणि ती अहोजाहो करत राहिली. हा आपल्याला ओळखत नाही, असं ती धरून चालली. तसं धरलं की जाणं सोपं व्हायचं.

चौथ्या आठवड्यात कमलनं कपाटातून लग्नाचा फोटो काढला. 'आमच्याविषयी' या पानावर तो हवाच, असा तिचा हट्ट होता. कुडाळजवळच्या गावी, तिच्या माहेरच्या अंगणात काढलेला फोटो. वसुधा तो हातात घेऊन बराच वेळ बघत बसली.

"मोठ्यानं सांगा ना ताई," कमल म्हणाली. "मग लिवा."

वसुधानं सांगायला सुरुवात केली. अंगणात मांडवाखाली नवरा-नवरी उभे आहेत. नवऱ्यानं फेटा बांधलाय, तो एका कानावर घसरलाय. नवरीची साडी हिरवी, काठ पिवळा. तिनं नवऱ्याची बाही कोपरापाशी मुठीत धरली आहे. नवऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नाही, तो नवरीकडे कान करून आहे. ती काहीतरी सांगत असावी. इथं वसुधा थांबली. असावी हे फोटोत दिसत नव्हतं. तिनं ते वाक्य गाळलं. "नवरी हसते आहे," ती म्हणाली.

"दात दिसतत?" कमलनं विचारलं.

"दिसतात."

चंद्रप्रकाश गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता. "बाही धरलेली आठवते मला," तो बायकोला म्हणाला. "हसत होतीस ते कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही इचारलात खंय?" कमल म्हणाली आणि फोटो पदरानं पुसून कपाटात ठेवायला गेली.

त्या दिवशी वसुधा बोरीवलीला परतली तेव्हा राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूनं ऊन उतरत होतं. ती सोसायटीच्या बाकावर अर्धा तास बसली. तिला कमलचा हेवा वाटला नव्हता. उलट ती बाई तिला फार आवडली होती. वाटलं ते इतकंच, की आपल्या मुठीत कुणाची तरी बाही अशी असावी, आणि आपलं वय पुन्हा एकवीस असावं. असल्या इच्छेचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. नंदकिशोर गॅलरीतून हाक मारेपर्यंत ती तिथंच बसली.

साइट पूर्ण झाल्यावर एकदा शेवटपर्यंत तपासायची होती. त्या शनिवारी केयूर आणि शर्मिष्ठाला ऑफिसचं काम निघालं, म्हणून वसुधा एकटीच गेली. कमल तिला आत बसवून मुलाच्या कॉलेजात कसलासा दाखला आणायला गेली. चंद्रप्रकाशनं पानं एकामागून एक तपासली. चार चुका निघाल्या. त्यातली एक अशी की सॉफ्टवेअर त्याचा फोन नंबर सलग आकडा समजून नऊशे ब्याऐंशी कोटी काहीतरी असं वाचत होतं. त्यावर दोघंही हसली. वसुधा कागदावर टिपून घेत होती. हसणं थांबल्यावर तो म्हणाला,

"आवाज खाली आलाय तुझा. पाणी हवंय?"

तिचं पेन थांबलं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तू बोलली नाहीस, म्हणजे तुला ओळख नको असेल. म्हणून मॅडम म्हणालो."

मग वसुधानं सांगून टाकलं. इतकी वर्षं मनात घोकलेलं असल्यामुळं की काय, ते फार थोड्या शब्दांत झालं. "त्या दिवशी स्टॉपवर तू विचारलंस, तेव्हा मी मान हलवली होती. हो म्हणून. मला बोलता येत नव्हतं. तुला दिसणार नाही हे बस गेल्यावर कळलं मला."

समोरच्या पेटीवर चंद्रप्रकाशचा हात होता, तो तसाच राहिला.

"मी चाळीतही आले होते," ती म्हणाली. "तू मिरजेला गेला होतास."

"आई म्हणाली होती, कॉलेजातून कोणी बाई आली होती." त्याचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, फीचं काही राहिलं असेल."

वसुधाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तो पुढं म्हणाला, "मी अजून जरा थांबायला हवं होतं. बस काय, दुसरी आली असती. तुला उत्तर द्यायचं नाही असं समजून चढलो. मग पुष्कळ वर्षं वाटायचं, असं विचारायलाच नको होतं. मुलगी दोन वर्षं चांगुलपणानं वाचून दाखवत होती, आपण भलतंच मागितलं."

"भलतं नव्हतं."

"हो. आता कळलं." त्यानं मान कलती केली. "बरं झालं सांगितलंस, वसुधा. उशीर झाला, पण बरं झालं."

उरलेली दोन पानं त्यांनी तपासून संपवली. कमल परत आली तेव्हा तिनं दोघांसाठी भजी आणली होती. कॉलेजातल्या कारकुनानं कसं तासभर उभं केलं ते ती सांगत राहिली. चंद्रप्रकाश मध्येच म्हणाला की या वसुधाताई कॉलेजात माझ्याबरोबर होत्या, मला वाचून दाखवायच्या, आज ओळख पटली. कमलनं वसुधाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि तिच्या बशीत आणखी दोन भजी वाढली.

निकाल घाटकोपरच्या एका शाळेच्या सभागृहात लागला. चौदा संघांत त्यांचा नंबर सातवा आला. दुरुस्तीची तारीख निवडायचं केयूरनं केलेलं कॅलेंडर नुसत्या कीबोर्डवर चालत नव्हतं. तोंडात काडी धरून टाइप करणारे एक परीक्षक तिथं अडकले, पुढं जाऊच शकले नाहीत. केयूरचा चेहरा पडला. पण त्यानं त्याच आठवड्यात रजा टाकून ते कॅलेंडर बदललं आणि त्या परीक्षकांना फोन करून पुन्हा तपासायला लावलं. फोटोंच्या वर्णनांबद्दल एक अंध परीक्षक बाई दोन चांगली वाक्यं बोलल्या. चंद्रप्रकाश आणि कमल मागच्या रांगेत बसले होते. निघताना गर्दी होती. वसुधानं लांबून हात केला, कमलनं उलट हात केला आणि नवऱ्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं.

मग शनिवार रिकामे झाले. साइट चंद्रप्रकाशच्या ताब्यात गेली होती, त्यातला मजकूर कसा बदलायचा ते तो शिकला होता आणि त्याला कुणाची गरज पडत नव्हती. नियमाप्रमाणं वसुधानं आपलं नाव आणि पासवर्ड काढून टाकले. कामाचा हेतूच तो होता, हे तिला मान्य होतं. तरी शनिवारी दुपारी तिचे हात उगाच काहीतरी आवरत बसायचे. नंदकिशोरनं एकदा विचारलं, तुझं ते नाहूर संपलं का गं? ती म्हणाली, संपलं.

दोन महिन्यांनी, ऑफिसात असताना, त्याचा फोन आला. त्यानं साइटवर स्वतःच एक नवं पान जोडलं होतं. दुरुस्त झालेल्या पेट्यांचे आवाज रेकॉर्ड करून टाकले होते, म्हणजे लांबच्या गिऱ्हाइकाला ऐकून निवडता येईल. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजाखाली तो लिहून द्यायला हवा, असा स्पर्धेच्या नियमांत उल्लेख होता. ते त्याला जमत नव्हतं. "आवाज कसा लिहायचा ते मला कुठं ठाऊक," तो म्हणाला. "लिहून पाठवशील?"

तिनं जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून पहिली फीत लावली. पेटीच्या आधी त्याचा आवाज होता. "ही काळी दोन," तो म्हणाला, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर, आणि मग श्वास घेतल्याचं ऐकू आलं, भाता हलला, आणि सूर सुरू झाला. तिनं ते परत लावलं. मग आणखी परत. पलीकडच्या टेबलावरच्या तेजलनं खुणेनं विचारलं, कुठलं गाणं? वसुधानं सांगितलं की गाणं नाही, काम आहे.

आवाज लिहिणं कठीणच होतं. जो ऐकू शकत नाही त्याला सूर कसा सांगायचा? तिनं लिहिलं, गोड. खोडलं. लिहिलं, भरलेला, जरा खरखरीत, जुन्या लाकडाचा. तेही खोडलं. काय घडतं तेवढंच लिहायचं, असं तिनं ठरवलं. सुट्टी संपायला पाच मिनिटं होती, तेव्हा तिनं एवढं लिहून पाठवलं: "पुरुषाचा आवाज: ही काळी दोन. तो श्वास घेतो. पेटीचा एकच सूर लागतो, हळू सुरू होतो, वाढतो, बारा सेकंद टिकतो. सूर थांबल्यावर भात्यातली हवा सुटते."

अजून आठ फिती बाकी होत्या. तिनं दुसरी उद्यासाठी ठेवली.